विषाणूची लबाडी आणि गोळ्यांचा नेम



"गोळ्यांनी बरे वाटते, मग त्या जन्मभर कशाला?" एच.आय.व्ही.ची लागण झालेले लोक असे विचारतात. कुणी तर या रोगाला पूर्वजन्मीचे पाप म्हणतो. आपण कार्यकारणभाव मानणारी माणसे. तेव्हा कारणच पाहू.

या विषाणूजवळ जनुके अवघी नऊ, आपल्याजवळ सुमारे वीस हजार. म्हणून तो आपलीच यंत्रणा राबवतो. तो शिरतो प्रतिकारशक्तीच्या सी.डी. ४ पेशीत. एरवी जंतू आला की या पेशीच्या पृष्ठभागावरून आत निरोप जातो, 'एन.एफ. कप्पा बी' हे प्रथिन केंद्रकात पोचते आणि बचावाची जनुके चालू होतात. विषाणूने आपल्या जनुकांच्या तोंडाशी याच प्रथिनाला बसायला जागा ठेवली आहे! बचावाची हाक झाली की त्याचीही छपाई सुरू. पुढे त्याचे 'टॅट' प्रथिन ती कित्येक पटींनी वाढवते.

'नेफ' हे प्रथिन त्याहून बिलंदर. ते पेशीतील निरोपांत ढवळाढवळ करून तिला अर्धवट जागी ठेवते. आत बिघाड असल्याचे मारेकरी पेशींना दाखवणाऱ्या ए व बी खुणा ते पृष्ठभागावरून उतरवते. सगळ्याच उतरवल्या तर दुसऱ्या पहारेकऱ्यांना संशय येईल, म्हणून सी खूण तशीच राहू देते. शास्त्रज्ञांनी आधी याला वाढ रोखणारे समजून 'निगेटिव्ह फॅक्टर' नाव दिले. नाव साफ चुकले, पण टिकले. १९९५ साली सिडनीहून अहवाल आला : एकाच रक्तदात्याच्या रक्तातून लागण झालेले काही जण वर्षानुवर्षे धडधाकट होते. त्यांच्या विषाणूतील नेफ जनुकाचा तुकडाच गळालेला होता! पुढे त्यांतील काहींच्याही पेशी हळूहळू घटल्या, हेही सांगितले पाहिजे.

नेफ किंवा टॅटला रोखणारे औषध अजून वापरात नाही. आजच्या गोळ्या विषाणूची वाढ थांबवतात. पण काही पेशींच्या जनुकांत मिसळून तो निपचित राहतो, तिथे त्यांचा इलाज चालत नाही. गोळ्या सोडल्या आणि तशी पेशी जागी झाली की पुन्हा छपाई, बहुतेकांत काही आठवड्यांतच. भारतात २००४ पासून सरकारी केंद्रांत या गोळ्या मोफत मिळतात. नेमाने घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.