वळणावर उभा राहणारा माणूस



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील मोटारसहली' असे कळवून टाकले. त्यावर त्यांचा प्रश्न आला, की विषय नवा आहे खरा, परंतु त्यातून श्रोत्यांनी घरी काय न्यावे? प्रश्न रास्त होता. या व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान यांवर बोलणारे विद्वान बोलून गेले. आम्ही नोकरीनिमित्त गेली वीसएक वर्षे ॲडलेडला राहणारे, सुट्टी मिळाली की गाडीत पाणी आणि पीठ भरून रानात जाणारे साधे गृहस्थ. विद्वत्ता आमच्यापाशी नाही. परंतु त्या वाळूत आमच्या हातून एक चूक झाली, आणि ती चूक काय होती हे नीट सांगता आले तर आजची संध्याकाळ फुकट गेली असे आपण म्हणणार नाही, अशी आशा आहे.

प्रथम मुलूख पाहू. ऑस्ट्रेलियाचे क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून अधिक. वस्ती मात्र पावणेतीन कोटींच्या आसपास. एकट्या महाराष्ट्राने २०११ च्या जनगणनेतच अकरा कोटींचा आकडा ओलांडला होता. त्यातही बहुतेक माणसे समुद्राकाठच्या शहरांत. आतला जो अफाट, कोरडा, तांबडा प्रदेश, त्याला तिकडे 'आऊटबॅक' म्हणतात. आपल्याकडे परसाच्या पलीकडे रान सुरू होते ना, तसे साऱ्या देशाचे हे परसापलीकडचे रान.

या रानाच्या मध्यावर सिम्पसन वाळवंट आहे. पावणेदोन लाख चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक, म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राहून मोठे. मॅडिगन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १९२९ साली विमानातून त्याची पाहणी केली आणि भूगोल संस्थेच्या ॲडलेड येथील अध्यक्षांचे नाव त्याला दिले. येथे वाळूचे अकराशेहून अधिक डोंगर एकमेकांना समांतर पसरलेले आहेत. नांगरलेल्या शेतातल्या सऱ्या-वरंब्यांची कल्पना करा; फक्त एकेक वरंबा काही ठिकाणी दोनशे किलोमीटर लांब, आणि पूर्वेकडचा सर्वांत प्रसिद्ध वरंबा, ज्याला 'बिग रेड' म्हणतात, तो सुमारे चाळीस मीटर उंच. वाळूच्या कणांवर लोहाचा गंज चढल्यामुळे रंग तांबडा. वरंब्यांची पश्चिमेची बाजू उतरती आणि पूर्वेची अधिक उभी; म्हणून शहाणा माणूस पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. माउंट डेअरहून निघावे आणि बर्ड्सव्हिलला पोहोचावे. अंतर सुमारे पाचशे किलोमीटर. वाटेत पेट्रोल नाही, दुकान नाही, गाव नाही. उन्हाळा असा भयंकर, की १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत सरकार हा सारा भाग बंदच ठेवते. हिवाळ्यात दिवसा सुखाचे ऊन आणि पहाटे अंथरुणावर दव गोठलेले.

या मुलखातून चाके जाण्याआधी उंट गेले, आणि उंटांचा हा इतिहास आपल्या घराजवळचा आहे. १८६० साली बर्क आणि विल्स यांची प्रसिद्ध मोहीम निघाली, तिच्यासाठी उंट कराचीहून जहाजाने नेले होते. बरोबर उंटवाले होते. पुढे सहा-सात दशके खेडोपाडी धान्य, तारेची बंडले, लोकरीचे गठ्ठे याच माणसांनी पोहोचवले. तिकडे त्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत. प्रत्यक्षात त्यांतले अनेक बलुचिस्तान, सिंध, पंजाब येथले. बर्कच्या मोहिमेत सामला नावाचा एक हिंदू होता. गोमांसाचा शिधा त्याला चालेना. काही दिवस भाकरी-पाण्यावर काढून अखेर त्याने रजा मागितली आणि तो परत फिरला. बर्क आणि विल्स कूपर क्रीकच्या काठी मेले, हे तिकडच्या शाळेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. सामला मात्र कोणाला आठवत नाही. आम्हांला वाटते, त्या मोहिमेत वेळेवर परत फिरण्याची बुद्धी झालेला तो एक माणूस होता!

पुढे मोटार आली. १९६२ साली रेग स्प्रिग हे भूगर्भशास्त्रज्ञ पत्नी ग्रिझेल्डा आणि दोन मुलांसह हे वाळवंट गाडीने पार करून गेले; मोटारीने झालेले ते पहिले पारगमन. त्याच सुमारास एका फ्रेंच तेलकंपनीने शोधासाठी बुलडोझर लावून वरंब्यांवरून सरळ रेघ मारली. तेल हाती लागले नाही, रेघ राहिली. तीच आजची 'फ्रेंच लाइन', आणि तिच्यावरून आमच्यासारखे हौशी लोक जातात.

आता गाडीविषयी थोडे. साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती दोन चाकांना मिळते, या गाड्यांत चारही चाकांना. जीप आपल्याला नवी नाही. आपल्या कितीतरी कलेक्टरांनी आणि इंजिनिअरांनी जिल्हे पाहिले ते जीपमधूनच. परंतु वाळूत खरी करामत इंजिनाची नसून हवेची आहे, आणि तीही हवा भरण्याची नव्हे, काढण्याची. डांबरी रस्त्यावर टायरमध्ये पस्तीस-अडतीस पौंड हवा असते. वाळूत शिरताना ती पंधरा-अठरापर्यंत उतरवायची. टायर बसका होतो, त्याचा ठसा लांबतो, ओझे अधिक वाळूवर वाटले जाते आणि गाडी रुतायची थांबते. उंटाचा पाय पाहिला आहे ना? तीच युक्ती. नवशिका माणूस हवा न काढता जोर लावतो. चाके गरगरतात, खड्डा खोल होतो, आणि जितका जोर अधिक तितकी गाडी खाली. याचा संसाराला लागणारा अर्थ आम्ही सांगत बसत नाही. आपण सुज्ञ आहात.

गाडीला निशाण हवे. उंच काठीला लावलेले ते निशाण जमिनीपासून साडेतीन मीटर उंच असावे असा नियम आहे, कारण वरंब्याच्या पलीकडून समोरासमोर दोन गाड्या येत असल्या तर माथ्यावर गाडीआधी निशाण दिसते. अशा सात-आठ गाड्या निशाणे फडकवीत एकामागून एक निघाल्या, की आम्हांला हटकून आषाढीची दिंडी आठवते. आणि दिंडीसारखीच या काफिल्याला शिस्त असते. ती शिस्त शिकवतात ते तिथले क्लब.

हे क्लब म्हणजे काही श्रीमंतांची जिमखान्याची चैन नव्हे. आमच्या क्लबात नळदुरुस्ती करणारा आहे, परिचारिका आहे, निवृत्त मास्तर आहेत. वर्गणी भरायची, नवशिक्याने आधी शिकवणीला यायचे, मगच मोठ्या सहलीला. रुतलेली गाडी ताणपट्ट्याने ओढून कशी काढावी हे तिथे शिकवतात. पट्टा गाडीच्या मजबूत ठिकाणीच बांधावा. मागच्या जोडगाडीच्या गोळ्याला कधीही बांधू नये, कारण तो तुटून गोळीसारखा उडतो आणि माणसे मेलेली आहेत. पट्ट्यावर मध्ये जाड कांबळे टाकावे, बघ्यांनी दूर उभे राहावे. पाणी माणशी रोज कित्येक लिटर, शिवाय अडचणीच्या दिवसांसाठी वेगळे. बिनतारी यंत्र प्रत्येक गाडीत. आणि सर्वांत वरचा नियम: काहीही झाले तरी गाडी सोडून जाऊ नये. १९६३ च्या डिसेंबरात बर्ड्सव्हिलच्या वाटेवर एका कुटुंबाचे पेट्रोल संपले. पाच माणसे. गाडी सोडून ती पायी निघाली आणि पाचही जणे तहानेने गेली. आकाशातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

रात्री मुक्काम पडला की कॅनव्हासची वळकटी उघडायची, निखाऱ्यांवर जाड लोखंडी भांडे ठेवायचे. पिठाची जाड रोटी त्यात भाजतात. आम्ही तिच्याबरोबर पिठले करतो, आणि आता सारा क्लब ते मागून खातो. चुलीभोवती बसून आकाश पाहावे. त्या आकाशाचे वर्णन आम्ही करणार नाही. ते जमणार नाही.

आता त्या चुकीकडे येतो.

२०१८ सालचा ऑगस्ट महिना. आम्ही सात गाड्या होतो. पुढे म्होरक्या, सर्वांत मागे राखणदार, मध्ये पाच. आमची पाचवी. आमच्या मागे सहावीत ते निवृत्त मास्तर आणि त्यांच्या पत्नी, दोघेही सत्तरीच्या पुढे. क्लबाचा एक साधा नियम आहे: वाट जिथे फुटते तिथे तुम्ही थांबायचे, आणि मागची गाडी तुमच्यामागे वळलेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हलायचे नाही. पुढची गाडी दिसेनाशी झाली तरी चिंता नाही. पुढचा तुमच्यासाठी पुढच्या वळणावर उभा असतोच. म्हणजे प्रत्येकाने फक्त मागच्या एकाची काळजी वाहायची. एवढ्याने सारा काफिला जुळलेला राहतो.

फ्रेंच लाइनवरून दक्षिणेला एक वाट फुटते. आम्ही तिथे थांबलो. पाच मिनिटे गेली, दहा गेली. मागे दुसऱ्या वरंब्याच्या माथ्यावर सहावीचे निशाण दिसले. आम्ही मनात म्हटले, आले. त्यांनी आम्हांला पाहिलेच असणार. ऊन कलत होते, मुक्काम गाठायचा होता. आम्ही निघालो.

त्यांनी आम्हांला पाहिले नव्हते. निशाण माथ्यावर दिसते. त्या क्षणी गाडी चढणीवर असते आणि चालवणाऱ्यापुढे केवळ आकाश. इकडे राखणदाराचे टायर फाटले होते. मास्तर थांबू लागले तर त्याने यंत्रावरून सांगितले, "तुम्ही पुढे व्हा, वळणावर ते दोघे उभे असतीलच." ते दोघे म्हणजे आम्ही. मास्तर वळणापाशी आले. कोणी उभे नव्हते. जिथे कोणी उभे नाही ते वळण नव्हेच, असा हिशेब करून ते सरळ पूर्वेला गेले. त्यांचा हिशेब बरोबर होता.

तासाभराने राखणदार आम्हांला येऊन मिळाला, तेव्हा गाड्या मोजल्या. सहा. यंत्रावरून हाका मारल्या; परंतु वरंब्यांच्या मुलखात ती लाट चार-सहा किलोमीटरांपलीकडे पोहोचेलच असे नाही. सूर्य मावळतीला. म्होरक्याने बाकीच्यांना तिथेच मुक्काम करायला लावले आणि स्वतः राखणदाराला घेऊन मागे फिरला. आम्ही येतो म्हटले, तर म्हणाला, "नको, तुम्ही इथे चूल पेटवा. मोठी पेटवा."

मंडळी, त्या चुलीपाशी काढलेले ते तीन तास आम्ही विसरणार नाही. मास्तरांना हृदयाची गोळी लागते हे आम्हांला ठाऊक होते. आमची पत्नी काही बोलली नाही. तेच अधिक कठीण होते. आम्ही मनात सारखी सबब रचत होतो: निशाण तर दिसले होते. आणि दर वेळी कळत होते, की निशाण दिसणे आणि माणूस वळलेला पाहणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढीच आमची चूक आहे.

रात्री नवाच्या सुमारास तीन दिवे दिसले, म्हणजे तीन गाड्यांचे. मास्तरांनी अर्ध्या तासात ओळखले होते की चुकले. लगेच गाडी एका माथ्यावर घेतली, तिथेच थांबले, दिवा लावला, यंत्र चालू ठेवले आणि चहा केला. नियमाप्रमाणे गाडी सोडली नाही. खाली उतरल्यावर बाई एवढेच म्हणाल्या, "चहा चांगला झाला होता, तुमच्यासाठी ठेवला नाही, रागावू नका." आम्हांला उत्तर देता आले नाही.

म्होरक्या आम्हांला एक शब्द बोलला नाही. सकाळी निघण्यापूर्वी त्याने क्रम लावला आणि पहिल्याच वळणावर उभे राहायला आम्हांला सांगितले. मागे पुन्हा मास्तरच. आम्ही उभे राहिलो. ते वळले, आमच्या शेजारी येऊन त्यांनी हात केला, मग आम्ही हललो. शिक्षा म्हणा, क्षमा म्हणा; आमच्या मते दोन्ही एकच होती.

दुसरी एक गोष्ट सांगून संपवतो. आम्ही या मुलखाला निर्जन म्हणतो, पण तो तसा नव्हता. वांगकांगुर्रू लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत. वरंब्यांच्या मधल्या सखल जागी ते 'मिकिरी' नावाच्या अरुंद, खोल विहिरी राखत. १८८६ साली डेव्हिड लिंडसे या शोधकाला अशा नऊ विहिरी त्यांच्यातल्याच वाटाड्याने दाखवल्या. १९०० च्या सुमारास हे लोक वाळवंट सोडून कडेच्या गुरांच्या वाड्यांकडे गेले आणि विहिरी बुजत चालल्या. पुढे १९३६ साली टेड कोल्सन उंटांवरून पार गेला म्हणून त्याचे नाव झाले. त्याच्याबरोबर पीटर एन्स हा आदिवासी साथीदार होता, त्याचे नाव मागाहून येते. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०२१ साली तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर केले तेव्हा 'मुंगा-थिरी', म्हणजे मोठ्या वाळूच्या टेकड्यांचा मुलूख, हे त्यांचे नाव पुढे ठेवले, ते बरे झाले. आम्ही तिथे पाहुणे आहोत. म्हणून वाट सोडून नवी चाकोरी पाडू नये. दगडगोट्यांच्या मैदानावर उमटलेली चाकोरी कित्येक दशके मिटत नाही. नेलेला कचरा परत आणावा. आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर आणि कोकणच्या पुळणींवर आता गाड्या घालणारे तरुण दिसतात. त्यांच्या हौसेवर आमचा राग नाही, हौस आम्हांलाही आहे; पण हौसेबरोबर शिस्त आणि थोडी लाज हवी, एवढेच सांगणे.

चालकांनी विचारले होते, श्रोत्यांनी घरी काय न्यावे. आम्ही एवढेच देऊ शकतो. पुढे धावणाऱ्यांचे कौतुक होतच असते. परंतु काफिला सुखरूप पोहोचतो तो वळणावर थांबलेल्या माणसामुळे. मागचा येईलच, असे त्याने मनाशी धरून चालू नये. तो वळलेला पाहावा, आणि मग निघावे.