इंजिनाचा आवाज आणि शेवटचा हात



व्याख्यानमालेच्या पत्रकावर आजचा विषय वाचून काही मंडळींनी आम्हांला विचारले, की कामगार संघटनेचा माणूस इंजिनाच्या आवाजावर काय बोलणार? बोनसवर बोला, महागाई भत्त्यावर बोला. ते तर आम्ही वर्षभर गेटावर उभे राहून बोलतोच. आज एका गाडीची हकीकत सांगावी असे मनात आहे. तिच्यात पगाराचा प्रश्नही आहे. पण तो मागाहून येतो. आधी आवाज.

ही गोष्ट २०१२ सालची, कोल्हापूरची. एका गॅरेजात बावीस वर्षांचा एक पोरगा फिटर म्हणून कामाला होता. तिथे एका हौशी गृहस्थांची जिप्सी गाडी आली. तेराशे सीसीचे, सोळा झडपांचे पेट्रोल इंजिन. गृहस्थांना रविवारी डोंगरातल्या शर्यतीला जायचे होते आणि गाडीला अधिक ताकद हवी होती. त्यांनी चार नव्या वस्तू आणल्या होत्या. पहिला कॅम; म्हणजे झडपा उघडमीट करणारा दांडा, पण नेहमीपेक्षा झडप जास्त उचलणारा. दुसरा हेडर, इंजिनातला धूर बाहेर नेणारी ओतीव लोखंडाची मूळ जोडणी काढून तिच्या जागी बसवायच्या चार पोलादी नळ्या. तिसरा मोकळा सायलेन्सर आणि चौथी उघडी हवा-गाळणी. या चारही वस्तू एका रात्रीत चढवल्या गेल्या. सकाळी किल्ली फिरवली आणि इंजिनातून टिक-टिक-टिक असा आवाज सुरू झाला.

गॅरेजमालकांनी तिथल्या तिथे निकाल दिला. टिकटिक म्हणजे टॅपेट. टॅपेट लावले पोराने. चुकीचे लावले म्हणून नवा कॅम खाल्ला गेला. आता हेड उतरवायचे आणि खर्च पोराच्या पगारातून घ्यायचा. महिन्याचा पगार अडकला तेव्हा तो पोरगा आमच्याकडे आला.

टॅपेट वाजतो ही शंका काही वेडगळ नव्हती. कॅम आणि झडप यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते, कारण लोखंड तापले की वाढते. फट जास्त झाली की टिकटिक होते. पण त्या रात्री चार वस्तू बदलल्या होत्या. चारांतली नेमकी कॅमचीच वस्तू मालकांनी उचलली, याचे कारण आवाजात नव्हते. कॅम पोराने एकट्याने बसवला होता. हेडर बसवताना मालक स्वतः उभे होते.

आम्ही स्वतः तरुणपणी पाने हातात धरलेले आहेत. पण वादाच्या वेळी आपल्या अर्धवट ज्ञानावर विसंबू नये. आम्ही एस. टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेल्या एका वयस्क मेस्त्रींना गाठले. सगळे त्यांना आबा म्हणत. हेड उतरवण्याआधी एक दिवस द्या, एवढे मालकांकडून कबूल करून घेतले. आबा सकाळी सहाला आले. इंजिन रात्रभर गार पडलेले हवे, अशी त्यांची अट होती. आल्यावर त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. आधी पोराला विचारले, "बाळा, कवा वाजतंय आणि कवा थांबतंय?"

पोरगा म्हणाला, "आबा, गार असताना लई वाजतंय. धा मिनिटं चालली की कमी हुतंय. आणि चढावर दाबली की परत जोरात."

ही माहिती त्याच्यापाशी पहिल्या दिवसापासून होती. त्याला कोणी विचारलेच नव्हते.

आता थोडे गणित सांगतो. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेते. खालचा क्रँक सेकंदाला तेरा वेळा फिरतो. कॅम त्याच्या निम्म्या गतीने फिरतो, म्हणून एक झडप मिनिटाला ४०० वेळा उघडते. सेकंदाला सात वेळाही नाही. त्यामुळे मुरलेल्या कानाला खालचा ठोका आणि वरची टिकटिक यांतला फरक कळतो. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले तर जड, खोल ठोका येतो, आणि ओझे पडले की वाढतो. तो ऐकू आला तर इंजिन त्याच क्षणी बंद करावे. वाद नंतर घालावा. डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड चढावर आली तर पेट्रोल ठिणगीच्या आधीच्या-नंतरच्या वेळी आपोआप पेटते आहे असे समजावे. ठिणगीची वेळ फार पुढे घेतलेल्या किंवा दाब वाढवलेल्या इंजिनांत हे हमखास होते. पट्ट्यावर फिरणाऱ्या डायनॅमोचा किंवा पाण्याच्या पंपाचा संशय असेल तर पट्टा काढून इंजिन अर्धा मिनिट चालवावे. आवाज गेला तर चोर तिथे.

आमच्या गाडीची टिकटिक कॅमच्या गतीची होती. मालक म्हणाले, "बघा, टॅपेटच." आबा म्हणाले, "मालक, धूरसुद्धा त्याच गतीनं भाईर पडतो." आम्हांला हे वाक्य फार मोलाचे वाटले. एका सिलिंडरातला धूर दोन फेऱ्यांत एकदाच बाहेर पडतो. हेडरच्या जोडाला एका ठिकाणी फट असेल तर तिथून तो धूर मिनिटाला ४०० वेळाच फुसकन सुटणार, आणि ऐकणाऱ्याला तो थेट टॅपेटसारखा वाटणार. म्हणजे दोन संशयितांची चाल अगदी सारखी. फरक दुसऱ्या खुणांनी काढायचा.

१८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले. डॉक्टरांच्या गळ्यातली नळी तिथून आली. आबांची नळी म्हणजे पंक्चरवाल्याकडून आणलेला तीन फूट रबरी पाइप. एक टोक कानाशी, दुसरे इंजिनाजवळ फिरते. त्याआधी त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर झाकणावर टेकवून मूठ कानाला लावली. आम्हांलाही ऐकवले. आतून शिवणयंत्रासारखा एकसारखा आवाज येत होता. एखादा टाका वेगळा पडत नव्हता. मग पाइप हेडरच्या जोडावरून हळूहळू नेला. एक, दोन, आणि तिसऱ्या नळीशी आबांनी मान झटकन मागे घेतली. कोणी कानात टिचकी मारावी तसे झाले.

एवढ्यावर भागले नाही. त्यांनी तिसऱ्या सिलिंडरचे पेट्रोल तोडले, म्हणजे इंजेक्टरची वायर काढली. प्लगची वायर काढली नाही. तसे केले तर न जळलेले पेट्रोल गरम नळीत जाऊन वेगळेच संकट. इंजिन लंगडू लागले आणि टिकटिक जवळजवळ नाहीशी झाली. टॅपेट असता तर झडप उघडतच राहिली असती आणि तो वाजतच राहिला असता. मग सायलेन्सरच्या तोंडाशी चिंध्यांचा बोळा क्षणभर धरला. धुराची वाट अडताच टिकटिकीचा फुस्स-फुस्स आवाज झाला. गॅरेजात मालकांसह सगळे गप्प.

हेडर उतरवला. तिसऱ्या भोकापाशी गॅस्केटवर काजळीचा काळा ओघळ होता. पोलादी पट्टी उभी धरून पाहिले तर हेडरचा तोंडाचा पत्रा वाकलेला. नळ्या जोडताना वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा ओढला जातो आणि घासून सपाट केला नाही तर तसाच राहतो. गार असताना फट उघडी, तापल्यावर लोखंड वाढून बरीचशी बंद. पोराने सांगितलेली खूण ती हीच. शिवाय गॅस्केट जुनेच होते. रात्री दुकाने बंद होती, म्हणून "तेच लाव" असे मालकांनी सांगितले होते. टॅपेटच्या फटी फीलर गेजने मोजल्या. कॅमबरोबर आलेल्या कागदाप्रमाणे सोळाच्या सोळा बरोबर होत्या.

इथे आमची बाजू जिंकली असे म्हणून आम्ही निघू शकलो असतो. पण आबांनी पोराला विचारले, "नट कसं आवळलंस?" तो म्हणाला, "या टोकापासून त्या टोकापर्यंत." मधून बाहेरच्या बाजूला, दोनतीन फेऱ्यांत आवळायला हवे होते. वाकलेला पत्रा त्यामुळे अधिकच एका अंगाला बसला. म्हणजे आमच्या पोराचीही चूक निघाली. आम्ही ती मालकांसमोर मान्य केली. आमच्या काही सहकाऱ्यांना ते आवडले नाही. पण सकाळी ज्या कानाने मालकांची चूक ऐकली, तो कान दुपारी बंद कसा करायचा?

ही फट किरकोळ समजू नये. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो गाडीत शिरला तर माणूस झोपेतच जातो. शिवाय नळीतला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर फटीतून ओढल्या गेलेल्या बाहेरच्या हवेने फसतो आणि इंजिनाला उगीच जास्त पेट्रोल द्यायला लावतो. ताकदीसाठी पैसे खर्च करायचे आणि ती अशी वाटेत सांडायची.

हेडर शिवाजी उद्यमनगरात नेऊन ग्राइंडरवर सपाट केला, नवे गॅस्केट टाकले, नट मधून बाहेर आवळले, एकदा तापवून गार झाल्यावर पुन्हा पाहिले. टिकटिक गेली. गाडीवाले गृहस्थ कान लावून म्हणाले, "अजून थोडं वाजतंय की." आबा म्हणाले, "हा शर्यतीचा कॅम है, फट जास्तच ठेवाय लागती. हा आवाज तुम्ही पैसं देऊन इकत घेतलाय." उघड्या गाळणीतून हवा ओढल्याचा घोंगाटही तसाच, पूर्वी तो बंद डब्यात होता, आता कानावर येतो.

श्रोत्यांत गाड्यांचे शौकीन तरुण दिसतात, त्यांना एवढेच सांगतो की चार वस्तू एका रात्रीत चढवू नका. एक बसवा, दोन दिवस चालवा, मग दुसरी. बसवण्याआधी खिशातल्या फोनवर इंजिनाचा आवाज गार आणि गरम असा दोनदा नोंदवून ठेवा. नाही तर नवा आवाज कोणता आणि जुनाच नव्याने ऐकू आलेला कोणता, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

राहिला पगार. त्या वेळी वेतन प्रदान अधिनियम, १९३६ लागू होता. नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीने झालेले असले पाहिजे आणि कापण्यापूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे त्यात होते. वेतन संहिता, २०१९ मध्येही हे तत्त्व आले आहे. मालकांनी अडकवलेला पगार त्याच संध्याकाळी मोजून दिला. गॅस्केटचे पैसे कोणी द्यायचे यावर थोडी घासाघीस झाली. आम्ही म्हणालो, मालकांनी. पोरगा मध्येच म्हणाला, "निम्मे माझे. नट मी आवळलेत." आम्हांला ते पटले नव्हते, पण त्याचे म्हणणे मोडता येईना.

पुढच्या आठवड्यात त्या गॅरेजात गेलो तेव्हा भिंतीला एक पाटी टांगलेली दिसली. गाडीचा नंबर, बसवलेला भाग, कोणी बसवला, आधीचा आवाज, नंतरचा आवाज, असे रकाने खडूने आखलेले होते. अक्षर पोराचे होते. "कोणी बसवला" या रकान्यात पहिलेच नाव मालकांचे होते.