मथळा पुण्याहून, बातमी इथली
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त कोजागरीच्या रात्री केलेल्या भाषणाचा मजकूर)

अध्यक्षसाहेब, सेक्रेटरी, समोर बसलेल्या वहिनी, भाऊ, आणि मसाला दूध कधी मिळणार म्हणून माझ्याकडे रागाने पाहणारी बालमंडळी,

मला दहा मिनिटं दिली आहेत. मी बँकेत छत्तीस वर्षं नोकरी केली, त्यामुळे दहा मिनिटांत काम उरकायची सवय नाही. तरी प्रयत्न करतो.

विषय आहे वर्तमानपत्रांचे जुने मथळे. आमच्या तरुणपणी दौंडला पेपर रेल्वेने यायचा आणि शिरूरला एसटीने. सलूनमध्ये एकजण मोठ्याने मथळा वाचायचा. खालची बातमी वाचायची पद्धत नव्हती, कारण तोवर ऐकणाऱ्यांनी ती स्वतःच तयार केलेली असायची. मथळा पुण्याहून यायचा, बातमी मात्र इथली, ताजी.

पहिला मथळा आठवतो तो अष्टग्रहीचा. १९६२ च्या फेब्रुवारीत, ३ ते ५ तारखेला, आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार. देशभर यज्ञयाग चालले होते. मी सहावीत होतो. आमच्या वर्गाचं एकमत झालं की आता वार्षिक परीक्षा होत नाही. त्यामुळे जानेवारीपासून कोणी पुस्तकाला हात लावला नाही. मोठी माणसं मात्र दोन्हीकडून तयारीत होती. एका बाजूला जप, दुसऱ्या बाजूला सभा, कारण त्याच महिन्यात लोकसभेची निवडणूक होती. जग बुडणार म्हणून कोणी प्रचार थांबवल्याचं मला आठवत नाही. ६ तारखेला सूर्य उगवला आणि गुरुजींनी एकोणतीसचा पाढा विचारला. खरा प्रलय तो.

पुढे मी बँकेत लागलो आणि दौंडच्या शाखेत आलो. १६ जानेवारी १९७८ ला जनता सरकारने हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या. आमच्या शाखेत दहा हजारांची नोट कोणी पाहिलेली नव्हती, कॅशियरनेसुद्धा नाही. पण बँक उघडल्यावर रांग लागली ती दहाच्या आणि शंभराच्या नोटा घेऊन. "साहेब, ही चालंल ना?" एका आजीबाईंनी कमरेची पिशवी सोडून दोन रुपयांच्या नोटा मोजायला दिल्या. कॅशियरने प्रत्येक नोट उजेडात धरून "चालेल, चालेल" म्हटलं तेव्हा कुठे त्या गेल्या. हजाराची नोट पुढे २००० साली परत आली आणि २०१६ मध्ये परत गेली. आजीबाईंना पहिल्या वेळीही फरक पडायचं कारण नव्हतं, पण त्या रात्री त्यांना झोप लागली नसणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आता स्कायलॅब. जुलै १९७९. अमेरिकेची सत्त्याहत्तर टनांची अंतराळातली प्रयोगशाळा खाली येणार आणि कुठे पडणार ते अमेरिकेलाही सांगता येईना. दौंडकरांना मात्र पक्कं माहीत होतं. दौंड जंक्शन आहे ना! पाटसला, केडगावला तिला थांबा नाही. पडली तर दौंडलाच पडणार.

काउंटरवर दोन तऱ्हेचे लोक येऊ लागले. पहिले पैसे काढणारे. "मरायचंच आहे तर मटण तरी खाऊन मरू." त्या आठवड्यात गावातल्या कोंबड्यांवर आभाळ कोसळलं ते स्कायलॅबच्या आधीच. दुसरे पैसे ठेवणारे. एक शेतकरी फडक्यात बांधून दोन हजार रुपये घेऊन आला. म्हटलं, सगळे काढतायत आणि तुम्ही ठेवताय? तर म्हणाला, "माझं घर पत्र्याचं हाय. बँकेला स्लॅब हाय."

तिसरा एक होता, तो थकबाकीदार. मॅनेजरसाहेबांना विचारू लागला, "बँकेवरच पडली तर आमच्या कर्जाचं काय?" साहेब म्हणाले, "कागदांची प्रत पुण्याला असते." तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग हळूच म्हणाला, "पुण्यावर पडायचा काही चान्स?"

११ जुलैला स्कायलॅब हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडली. कोणी दगावलं नाही. पण तिथल्या एस्परन्स नावाच्या गावच्या पंचायतीने गावात कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेच्या नासाला ४०० डॉलर दंड केला! नासाने भरला नाही. शेवटी तीस वर्षांनी, २००९ साली, एका रेडिओवाल्याने श्रोत्यांकडून वर्गणी काढून तो भरला. वसुली खात्यात काम केलेला माणूस म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. (मेन्टेनन्स थकवणाऱ्या सभासदांनी इकडे बघून हसू नये. आपल्याकडे रेडिओवाला नाही.)

गणपती दूध प्यायले तो दिवस २१ सप्टेंबर १९९५. दिल्लीत पहाटे सुरू झालं आणि दुपारपर्यंत आमचा अर्धा स्टाफ वाटी-चमचा घेऊन देवळात. शास्त्रज्ञांनी नंतर पृष्ठताणाचं कारण सांगितलं, त्यात मी पडत नाही. मला लक्षात राहिलं ते एवढंच की यावेळी पेपरची गरजच लागली नाही. एसटीडी बूथवरून बातमी आली. मथळा दुसऱ्या दिवशी आला, तोवर डेअरीतलं दूध संपलं होतं.

मग वायटूके. १९९९ संपताना संगणकाला २००० ऐवजी १९०० वाटेल आणि बँका बुडतील. मी तेव्हा शिरूर शाखेत होतो. पासबुकं भरून घ्यायला ही झुंबड! एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "माझी मुदत ठेव १९९८ ची. म्हणजे मी ती अजून ठेवलेलीच नाही?" त्यांच्या मागचा माणूस एकदम खुलला: "म्हणजे मी अजून कर्ज घेतलेलंच नाही!" आमचा संगणक एकच, तोही प्लॅस्टिकच्या कव्हराखाली झोपलेला, हिशेब सगळे लेजरवर. त्यानंतरच्या वर्षीच आपली सोसायटी नोंदली गेली. तीन शून्यांच्या साली घर घेऊ नका, असं सांगणारेही भेटले होते. ते आज सी विंगमध्ये राहतात.

हसतोय आपण, पण काउंटरच्या अलीकडून मी एक गोष्ट पाहिली आहे. स्कायलॅबला घाबरलेला माणूससुद्धा रांगेत उभा राहायचा. पुढचा-मागचा बोलायचा. पैसे देताना कॅशियर विचारायचा, "कशाला काढताय हो एवढे?" निम्मे लोक तिथूनच परत जायचे.

आता मथळा थेट खिशात येतो आणि रांग नाही. मागच्या वर्षी आपल्याच एका ज्येष्ठ सभासदांना व्हिडिओ कॉल आला. समोर वर्दीतला माणूस: तुमच्या नावाने पार्सल सापडलंय, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, दार लावून बसा, कोणाला सांगू नका. चार तास ते बसले. आयुष्यभराची ठेव मोडायचा फॉर्म मोबाईलवर भरून झाला होता, शेवटचं बटण राहिलं होतं. तेवढ्यात बी विंगमधल्या काकूंनी बेल वाजवली. वाटीभर साखर हवी होती. यांनी दार उघडलं नाही, तर काकूंनी बेलवरचं बोट काढलं नाही. शेवटी दार उघडलं, चेहरा पाहिला, आणि काकूंनी फोन हिसकावून त्या साहेबाला शिरूरच्या बोलीत जे सांगितलं ते स्मरणिकेत छापता येणार नाही.

डिजिटल अटक असा प्रकार कायद्यात नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या नंबरला फोन करायचा. जितका लवकर, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. नंबर लिफ्टजवळ लावला आहे, चष्मा लावून एकदा वाचा.

आणि एक ठराव मी पुढच्या वार्षिक सभेत मांडणार आहे, अनुमोदन आत्ताच द्या: काकूंकडून ती वाटीभर साखर परत मागू नये.

चला, दूध झालं वाटतं.