वयाच्या खात्यावर

पेण किंवा रोहा तालुक्यात पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला गुडघ्यांबद्दल, डोळ्यांबद्दल, कानांबद्दल किंवा झोपेबद्दल विचारलं, तर उत्तर बहुधा ठरलेलं असतं: आता वय झालं. घरातली मुलं हेच म्हणतात, शेजारी हेच म्हणतात, आणि गर्दीनं गांजलेला डॉक्टरही पुष्कळदा हेच म्हणून पुढच्या रुग्णाला आत बोलावतो. या उत्तरात समजूतदारपणा आहे, हे मान्य. पण त्यानं एक नुकसान होतं. दुखणं एकदा वयाच्या नावावर टाकलं की त्याची चौकशी थांबते. आज मला एवढंच मांडायचं आहे की, उतारवयात शरीरात जे बदल होतात त्यांतले काही खरोखर वयाचे असतात, काही शरीर न वापरल्याचे किंवा भलत्याच रीतीनं राबवल्याचे असतात, आणि काही सरळसरळ आजार असतात. आपण हे सगळं एकाच खात्यावर मांडतो आणि ज्यावर इलाज आहे तेही सोडून देतो. म्हातारपणाची जी धास्ती वाटते, तिचा मोठा भाग या गोंधळातून येतो.

आधी वयाचा वाटा प्रामाणिकपणे मोजू, कारण तो लहान नाही. डोळ्यातलं भिंग लहानपणापासून हळूहळू कडक होत जातं आणि चाळिशीच्या आसपास जवळचं नीट दिसेनासं होतं. यातून कुणीच सुटत नाही. हृदयाचे ठोके जास्तीत जास्त किती वेगानं पडू शकतात, ती मर्यादा दरवर्षी साधारण एका ठोक्यानं उतरते, आणि पट्टीचा धावपटूसुद्धा ही उतरण थांबवू शकत नाही. कानांना वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात. म्हणून समोरचा बोलतोय हे कळतं, पण काय बोलतोय ते कळत नाही. झोप उथळ होते, पहाटे लवकर संपते. तहानेची जाणीव बोथट होते. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण पेणच्या खारेपाटात, जिथं उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण असते, तिथं ती किरकोळ राहत नाही. म्हातारं माणूस आपण होऊन पाणी मागत नाही. बाई असेल तर घरातल्यांना पुरावं म्हणून आणखीच कमी पिते. मग एखाद्या दुपारी ती असंबद्ध बोलू लागते आणि घरचे म्हणतात, हिला आता काही समजत नाही. पुष्कळदा शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, एवढंच. वयानं केलं ते इतकंच की तहान लागली नाही. पुढचं सगळं टाळता येण्यासारखं होतं.

म्हणजे जे अटळ आहे ते बिनइलाज असतंच असं नाही. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत आहे. पेण शहर, हमरापूर, जोहे या भागात वर्षाचे बहुतेक महिने मूर्तींचं काम चालतं. साच्यातून मूर्ती काढणं, घासून गुळगुळीत करणं, रंग देणं, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. आखणीवर मूर्तीचं मोल ठरतं, आणि ती कसलेल्या हातालाच साधते. असा हात तयार व्हायला वीस-पंचवीस वर्षं जातात, आणि तो तयार होतो नेमका त्या वयात, जेव्हा जवळची नजर कमी होऊ लागते. कारागीर मूर्ती लांब धरून पाहतो, दिव्याजवळ सरकतो, डोकं दुखतं म्हणून मधूनच ब्रश खाली ठेवतो, आणि एका हंगामात आखणी तरुण पोरावर सोपवून स्वतः घासकामाला बसतो. सगळे म्हणतात, वय झालं. कमी पडलेली असते ती चष्म्याची एक जोडी. २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आसामातल्या चहामळ्यांचा एक अभ्यास छापून आला. चाळिशीपुढच्या साडेसातशे मजुरांपैकी निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर दिला. चष्मा मिळालेल्यांच्या पानं खुडण्याच्या कामात इतरांपेक्षा जवळजवळ बावीस टक्के जास्त वाढ झाली. चहाची पानं खुडण्यापेक्षा गणपतीच्या डोळ्याची रेघ ओढणं किती नाजूक काम, हे पेणकरांना सांगायला नको. आता यावर कुणी म्हणेल, चष्मा लावला की नंबर वाढत जातो. नंबर वाढतो तो भिंग कडक होत जातं म्हणून. चष्मा लावला नाही तरी तो वाढायचाच. न लावल्यानं वाचतं काहीच नाही, कारागिराच्या उमेदीची वर्षं मात्र जातात.

दुसरा वाटा न वापरल्याचा. इथं पुरावा इतका ठळक आहे की तो अजून घराघरांत पोचलेला नाही याचं वाईट वाटतं. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पूर्ण वेळ अंथरुणावर झोपवून ठेवलं आणि त्यांच्या हृदयाची आणि दमाची क्षमता मोजली. तीस वर्षांनी, पन्नाशीला आलेल्या त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयानं त्यांचा दम जितका घटला होता, त्याहून अधिक तो विशीत त्या तीन आठवड्यांच्या झोपण्यानं घटला होता. मग त्यांच्याकडून सहा महिने बेताचा, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम करून घेतला, तेव्हा तीस वर्षांत गेलेला दम भरून आला. पाच माणसांवरून एवढं बोलू नये, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून दुसरा अभ्यास सांगतो. १९९४ साली बॉस्टनच्या एका वृद्धनिवासातल्या शंभर अशक्त माणसांवर तो झाला. त्यांचं सरासरी वय सत्याऐंशी होतं. काहींना दहा आठवडे पायांच्या स्नायूंचा वजनं घेऊन व्यायाम दिला. त्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली, चालण्याचा वेग वाढला, जिना चढणं सुधारलं. ज्यांना व्यायामाशिवाय नुसतं पौष्टिक पेय दिलं, त्यांचा अशक्तपणा हटला नाही. आईवडिलांसाठी टॉनिकच्या बाटल्या आणणाऱ्या मुलांनी हे वाक्य ध्यानात ठेवावं. आणि आजारातून उठलेल्या वडिलांना महिनाभर पलंगावरून हलू न देणारी जी माया आपल्या घरांत असते, तिच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो: ती मायाच त्यांच्या पायांतलं बळ काढून घेते.

आता सगळ्यात मोठा आक्षेप, आणि तो मला मनापासून पटतो. हे व्यायामाचं बोलणं खुर्चीत बसून नोकरी केलेल्यांना ठीक. जन्मभर राबलेल्यांना कसलं सांगता? पेणची जी बाई तासन्‌तास मांडी घालून पापड लाटते, खाचरात कमरेत वाकून भाताची लावणी करते, तिला हालचाल वाढवा म्हणणं क्रूर आहे. तिचे गुडघे आणि कंबर गेली ती न वापरल्यानं नव्हे. पण इथंही आपण वयालाच जबाबदार धरतो, आणि इथंही ते चूक आहे. जमिनीवर बसणं आणि हात न टेकता उठणं ही शरीराची उत्तम कसोटी आहे. ब्राझीलमध्ये एक्कावन्न ते ऐंशी वयाच्या दोन हजार माणसांची ही चाचणी घेतली, तेव्हा ज्यांना असं उठता येत नव्हतं त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतले मृत्यू कितीतरी जास्त निघाले. त्यावरून जमिनीवरची बैठक चांगली, असं म्हणायला आपण मोकळे. पण बैठक चांगली म्हणजे ऊठबस चांगली. मांडी घालून किंवा उकिडवं बसून तासन्‌तास एकाच जागी राहणं वेगळं. बीजिंगमधल्या वृद्धांच्या पाहणीत तरुणपणी रोज कित्येक तास उकिडवं बसणाऱ्यांच्यात गुडघ्याची झीज जास्त आढळली. तेव्हा पापड लाटणाऱ्या बाईला व्यायामाचं व्याख्यान नको आहे. तिला हवा आहे कमरेच्या उंचीचा ओटा, तासाभरानं उठायची मुभा, आणि दुखणं सुरू झालं त्या वर्षी तपासणी, दहा वर्षांनी नव्हे. रोह्याजवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीत जन्म काढलेल्या कामगाराच्या कानांचंही असंच. यंत्रांच्या आवाजानं कानाच्या आतल्या सूक्ष्म पेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. निवृत्तीनंतर तो ऐकू येत नाही म्हणून चारचौघांत बसायचं टाळतो, तेव्हा त्यातला काही भाग वयाचा असतो आणि काही भाग त्या आवाजाचा. आज तिथं कामाला लागणाऱ्या पोरानं कानात बोळे घालण्याचा कंटाळा केला, तर तो तीस वर्षांनी हेच म्हणणार आहे की वय झालं.

याच संदर्भात कातकरी वस्त्यांचा विचार करावा असं वाटतं. दिवाळीनंतर वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर कुटुंबच्या कुटुंब जातं. लहानपणापासून अपुरं अन्न, डोक्यावर विटांचं ओझं, छातीत धूर. अशा शरीराला पन्नाशीत जे म्हातारपण येतं, ते रोह्यातल्या निवृत्तिवेतन घेणाऱ्या कारकुनाला पासष्टीतही येत नाही. आपली श्रावणबाळ योजना मात्र पासष्ट वर्षं पूर्ण झाल्यावर दार उघडते, आणि एसटीची ज्येष्ठांसाठीची अर्ध्या तिकिटाची सवलत पासष्टीपासून, पूर्ण मोफत प्रवास पंचाहत्तरीपासून. सरकारला कुठेतरी आकडा ठरवावा लागतो, हे समजतं. पण जन्मतारखेचं वय आणि शरीराचं वय यांत इतकं अंतर पडत असेल, तर त्या अंतराला वय म्हणणं हा अन्याय झाकण्याचा प्रकार आहे.

आणखी एक आक्षेप वेगळ्या बाजूनं येतो. वार्धक्य स्वीकारावं, शरीराची आसक्ती सोडावी, ही आपली शिकवण. मग हे चष्मे, तपासण्या, स्नायूंचे व्यायाम म्हणजे देहाला चिकटून राहणं नव्हे काय? याचं उत्तर पेण तालुक्यातच जन्मलेल्या माणसाच्या आयुष्यात आहे. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, गागोदे गावातला. पोटातल्या व्रणाचा त्रास त्यांना होता आणि प्रकृती कधीच दांडगी नव्हती. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूदानाची सुरुवात झाली, तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. म्हणजे पुष्कळ माणसं निवृत्तीचे दिवस मोजू लागतात त्या वयाचे. त्यानंतर सुमारे तेरा वर्षं ते देशभर पायी चालले. १९५२च्या अखेरीस तेव्हाच्या बिहारमध्ये चांडील इथं हिवतापानं ते मरणाच्या दारात पोचले. आधी औषध नाकारलं, आणि मग सहकाऱ्यांच्या आग्रहाखातर घेतलं. १९७० मध्ये त्यांनी क्षेत्रसंन्यास घेऊन पवनारला मुक्काम स्थिर केला. आणि १९८२च्या नोव्हेंबरात, सत्त्याऐंशीव्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न आणि औषध दोन्ही सोडून १५ तारखेला देह ठेवला. संतांची गोष्ट सामान्यांना लावू नये, असं कुणी म्हणेल. त्यांचा उपवास किंवा त्यांची चाल मी कुणाला लावत नाही. मला त्यातला विवेक दाखवायचा आहे. हिवताप हा आजार होता, त्याला औषध होतं, ते त्यांनी घेतलं. चालणं थांबवायची वेळ आली तेव्हा थांबवलं. सोडणं हे शेवटी आलं, चांडीलला सत्तावन्नाव्या वर्षी नव्हे. स्वीकार करायचा तर कशाचा करतो आहोत हे आधी माहीत हवं. न तपासलेल्या मोतीबिंदूला विरक्ती म्हणता येत नाही.

मोतीबिंदूचं नाव आलंच आहे तर तिसऱ्या वाट्याकडे, म्हणजे आजाराकडे, येतो. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या आंधळेपणाच्या दर तीन प्रकरणांमागे जवळजवळ दोन मोतीबिंदूमुळे होती. म्हणजे एका छोट्या शस्त्रक्रियेनं जाणारी. विसराळूपणा आणि मंदपणा थायरॉइड कमी पडल्यानं येतो, ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावानं येतो, जोडीदार गेल्यानंतरच्या नैराश्यानं येतो, आणि पुष्कळदा एकमेकांशी न जुळणाऱ्या पाच-सहा गोळ्यांनीही येतो. बायकांची पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडं वेगानं विरळ होतात. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात पाय घसरून खुबा मोडतो, तेव्हा मोडण्याची तयारी आधीच झालेली असते. पेण आणि रोहा इथं उपजिल्हा रुग्णालयं आहेत. रक्ताची, साखरेची, रक्तदाबाची आणि डोळ्यांची प्राथमिक तपासणी तिथून सुरू करता येते. जाताना दुखण्याचं वर्णन करण्याऐवजी एक गोष्ट नेमकी सांगावी: हे कधीपासून आहे, आणि त्याआधी हेच काम जमत होतं का. वय दशकांच्या गतीनं काम करतं. गेल्या दिवाळीला बाजारातून चालत येणारी आजी होळीला ओटीवरून उतरत नसेल, तर त्या चार महिन्यांत वयाशिवाय दुसरं काहीतरी झालेलं आहे, आणि ते शोधून काढण्याचा आग्रह घरातल्यांनी धरला पाहिजे, डॉक्टरांनी वय म्हटलं तरी.