फाल्गुनात हिवाळ्याची तयारी
(वेरूळ येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



आपली वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. पाहुणे कैलास लेण्यावरचं मावळतीचं ऊन पाहून खूश होतात. पण डोंगर पूर्वेला असल्यामुळे पायथ्याच्या भिल्ल वस्तीवर सकाळचं ऊन उशिरा पोहोचतं. पौषात तिथली लेकरं चुलीला चिकटून बसलेली असतात.

आम्ही आधी ब्लँकेटं वाटली. मग वाटलं, गॅस आहेच की! 2016 पासून उज्ज्वला योजनेत जोडण्या मिळाल्या, वस्तीतही बऱ्याच घरांत शेगडी आली. पण टाकी रिकामी. अनुदान नंतर खात्यात येतं, आधी टाकीचे सगळे पैसे एकदम मोजावे लागतात. रोजंदारीच्या घरात एवढी रक्कम एका दिवशी कुठून यायची? म्हणून बचत गट सुरू केला. बाया आठवड्याला दहा-वीस रुपये टाकू लागल्या.

तेव्हा एका आजीने मला गप्प केलं. म्हणाली, "ताई, गॅसवर भाकर होती, पण त्याच्याभवती लेकरं बसत न्हाईत."

खरंच होतं ते. स्वयंपाकाची सोय आणि घराची ऊब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. ऊब मिळते ती पऱ्हाट्या, तुराट्या आणि दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांची. हे सगळं माघ-फाल्गुनात, शेत रिकामं करताना स्वस्तात मिळतं. कधी कधी शेतकरी "घेऊन जा" एवढंच म्हणतो, फक्त गाडीभाडं लागतं. मार्गशीर्षात तेच विकत घ्यायला जावं तर शिल्लक नसतं, नाहीतर पावसात भिजून कुजलेलं असतं.

म्हणून आता बचतीचा हिशेब उलटा केला आहे. कापूस वेचणीची मजुरी हातात असते तेव्हा पैसे टाकायचे आणि फाल्गुनात सरपण भरायचं. गॅसचे पैसे वेगळे. पहिल्या वर्षी पेटी आणि किल्ली दोन्ही आमच्याकडेच होती, बायांनी सरळ विचारलं, "आमच्यावर भरवसा न्हाई का?" आता पेटी एका घरी, किल्ली दुसऱ्या घरी.

सगळं सुरळीत आहे असं नाही. एका बहिणीने सरपणाचे पैसे नवऱ्याच्या औषधाला काढले. गटाने हरकत घेतली नाही, मीही घेतली नाही. त्या हिवाळ्यात शेजारणींनी तिला पऱ्हाट्यांच्या मोळ्या दिल्या.

एक सूचना मात्र मी घरोघर देते. निखाऱ्याची शेगडी घेऊन दार बंद करून झोपायचं नाही. तो विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही येत नाही आणि झोपेतच माणूस जातो. फट उघडी ठेवा, निजण्याआधी शेगडी बाहेर काढा.

तुम्ही विचारता, या वर्षी काय पाठवू? ब्लँकेटं पुरेशी आहेत. सरपण पावसात भिजू नये म्हणून पत्रे हवे आहेत, तेही आषाढाच्या आत. उभे करायचे खांब वस्तीतले लोक स्वतः आणणार आहेत.