हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा
(शिक्षक संमेलनातील भाषण)



शाळेचा इतिहास म्हटला म्हणजे इमारत, पटसंख्या आणि निकाल आपल्या डोळ्यांपुढे येतात. यांपैकी काहीही मोठे नसताना शाळा इतिहास घडवू शकते, याचे आपल्या मराठवाड्यातील उदाहरण म्हणजे हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा होय.

हिप्परगा हे धाराशिव जिल्ह्यातील, बालाघाटच्या उघड्या पठारावरील खेडे. त्या काळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. दरबारची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. उर्दू ही समृद्ध भाषा आहे. दोष भाषेचा नव्हे, मुलाची मायबोली बाजूस सारणाऱ्या व्यवस्थेचा होता. घरी केवळ मराठी ऐकलेले मूल ज्ञानाच्या उंबरठ्यावरच अडखळत असे.

असहकाराच्या चळवळीने देशभर राष्ट्रीय शिक्षणाचा विचार जागा केला होता. त्याच सुमारास, १९२१ साली, व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनी या आडगावी शाळा काढली. १९२९ साली व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण गृहस्थ तेथे मुख्याध्यापक म्हणून आले. कामगारनेते ना. म. जोशी यांच्याजवळ काम केलेल्या या सुशिक्षित तरुणास शहरात स्थान मिळाले नसते असे नाही. त्यांनी खेडे पत्करले. तेथे असतानाच त्यांनी संन्यासदीक्षा घेतली व ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संसार सोडला, परंतु वर्ग सोडला नाही, हे विशेष. १९३५ साली ते व बाबासाहेब परांजपे मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस गेले व तेथे योगेश्वरी विद्यालयाच्या कार्यास लागले. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व याच शिक्षकाकडे आले; १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य भारतात विलीन झाले.

बंधुभगिनींनो, कमी पटाच्या शाळांचे भवितव्य काय, ही चिंता आज आपणांपैकी अनेकांस आहे. ती खोटी नाही. परंतु पट हे शाळेचे एक माप आहे, एकमेव नव्हे. म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या शाळेचे जुने जनरल रजिस्टर उघडा. पहिले नाव कोणाचे, गावातील पहिली मुलगी शाळेत कधी आली, वर्ग देवळात भरे की चावडीत, हे वृद्ध मंडळी हयात आहेत तोवर विचारून लिहून ठेवा. आपल्या शाळेने गावास काय दिले, हे उद्या कोणी विचारील. त्याचे उत्तर शाळेच्या दप्तरात असले पाहिजे.