आईवेगळे पिल्लू

भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, असे आपण थट्टेने म्हणतो. पण त्या थट्टेत एक हिशेब आहे. कुत्री साधारण ६३ दिवस, म्हणजे दोन महिने गाभण राहते. तेव्हा भाद्रपद-आश्विनात फळलेली कुत्री कार्तिक-मार्गशीर्षात विते. कर्जत-खालापूर भागात त्या दिवसांत भाताची कापणी उरकलेली असते, खळ्यावर झोडणी चाललेली असते आणि घरामागे पेंढ्याच्या उडव्या उभ्या राहिलेल्या असतात. कुत्रीला याहून ऊबदार बाळंतिणीची खोली कुठे मिळणार? उडवीच्या बुडाशी जागा कोरून ती तिथे चार-सहा पिल्ले घालते.

लोधिवलीसारख्या गावाला मात्र एक धोका कायमचा जडलेला आहे. गाव जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. रात्रंदिवस ट्रक आणि मोटारी चालू. व्यालेल्या कुत्रीला भूक फार लागते. ती अन्न शोधायला रस्ता ओलांडते आणि एखाद्या रात्री परत येत नाही. सकाळी शाळेला निघालेल्या पोरांना पेंढ्यातून बारीक कुंई-कुंई ऐकू येते. पोरे पिल्लू उचलतात, सदऱ्याच्या ओच्यात घालून घरी आणतात, आणि घरात वाद सुरू होतो. आई म्हणते, दूध पाजा. आजोबा म्हणतात, नेऊन टाका नदीकाठी. आजचे बोलणे आहे ते या वादाच्या पुढचे. पिल्लू ठेवायचे ठरले, तर ते जगवायचे कसे?

पहिली गोष्ट ही, की उचलण्याची घाई करू नये. आई गेली आहे, की नुसती भाकरतुकडा शोधायला गेली आहे? पिल्ले गप्प, गुबगुबीत आणि एकमेकांना चिकटून निजलेली असतील, तर आई जिवंत आहे असे समजा. लांब बसून काही तास लक्ष ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून कुत्री पिल्लांना टाकत नाही, तो आपला गैरसमज आहे. आई खरोखरच गेली असेल, तर आधी गावात दुसरी व्यालेली कुत्री शोधा. तिच्या अंथरुणाचे फडके पिल्लाच्या अंगावरून फिरवून, ती शांत असताना, पिल्लू तिच्या पिल्लांत सोडून पाहा. पुष्कळदा ती घेते. दूर उभे राहून नजर मात्र ठेवायची. दाईआई मिळाली, तर आपल्या सगळ्या बाटल्यांपेक्षा ते बरे.

नाहीच मिळाली, तर काम आपल्यावर आले. ऊब, दूध आणि स्वच्छता या तीन गोष्टींवर ते उभे आहे, आणि त्यांचा क्रमही हाच आहे. आपण चुकतो ते क्रमात. पिल्लू दिसले की आपण आधी दूध शोधतो. पण दहा दिवसांच्या आतल्या पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. ते गार पडलेले असेल, तर त्याची आतडीही थंडावलेली असतात, दूध पचत नाही आणि पोटात नासते. म्हणून आधी ऊब, मग दूध. पिल्लू छातीशी धरा, अंगावर घोंगडीचा पदर घ्या, आणि तास-दोन तास सावकाश गरम होऊ द्या. चुलीशी धरून एकदम शेकू नका. अगदीच मलूल असेल, तर साखरेच्या पाण्याचे बोट हिरड्यांना लावा.

मग घर. एक खोका किंवा टोपली घ्या, तळाशी जुन्या लुगड्याची घडी घाला. नुसता पेंढा नको, त्याची धूळ नाकात जाते. बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवा. एकाच बाजूला, बरं का, म्हणजे उकडले तर पिल्लू सरपटत दुसरीकडे जाईल. पहिल्या आठवड्यात खोक्यातली हवा २९ ते ३२ अंश सेल्सिअस असावी. पुढे दर आठवड्याला थोडी कमी चालते. पौषात पहाटे बाटलीतले पाणी निवते, तेव्हा ते बदलायला उठावे लागते. खोक्याभोवती मुंग्या येणार नाहीत हेही पाहा. आंधळ्या पिल्लाला मुंगी झटकता येत नाही.

आता दूध. आपल्या गोठ्यातले गाईचे दूध का चालत नाही? तर प्रत्येक आईचे दूध तिच्या लेकराच्या वाढीप्रमाणे असते. वासरू सावकाश वाढते, पिल्लू दहा-बारा दिवसांत जन्माच्या दुप्पट होते. म्हणून कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात, आणि दुधातली साखर मात्र कमी. नुसते गाईचे दूध पाजले की पिल्लू उपाशीही राहते आणि हगवणही लागते. त्यात पाणी घातले तर उपासमार आणखी वाढते. म्हशीचे दूध स्निग्धांशात जवळ येते, पण प्रथिनांत कमीच पडते. शेळीचे दूधही यासाठी गाईच्याच दुधासारखे समजावे.

सर्वांत बरी ती पिल्लांसाठी तयार मिळणारी दुधाची भुकटी. ती मोठ्या गावातल्या जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळते. ती येईपर्यंत, एक-दोन दिवसांची सोय म्हणून, एक पेला उकळून कोमट केलेले सायीसकट दूध घ्या, त्यात एका अंड्याचा पिवळा बलक आणि चहाचा एक चमचा गोडे तेल घालून फेटा व गाळून घ्या. अंड्याचा पांढरा भाग नको. साखर नको, गूळ नको, मधही नको. हे मिश्रण रोज ताजे करावे. पाजताना त्याचा थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून पाहा, तो गार किंवा चटका देणारा वाटू नये.

किती पाजावे? गावठी पिल्लू जन्मतः पाव किलोच्या आगेमागे असते. पहिल्या आठवड्यात वजनाच्या दर १०० ग्रॅमला दिवसाकाठी १३ ते १५ मिलीलिटर, दुसऱ्या आठवड्यात १७-१८, तिसऱ्यात २० आणि चौथ्यात २२ असा हिशेब धरावा. समजा, पिल्लू ३०० ग्रॅमचे आहे. तर पहिल्या आठवड्यात दिवसाला ४५ मिलीलिटर. ते आठ वेळा विभागले, की एका वेळी साडेपाच-सहा मिलीलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा आणि वर थोडे. बस्स, एवढेच! म्हणून जे म्हणतात, घरातल्या पोरांना पुरत नाही आणि कुत्र्याला कुठून पाजू, त्यांनी हा चमचा डोळ्यांसमोर आणावा. पिल्लू दूध फार मागत नाही, ते आपली झोप मागते. पहिला आठवडा दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पुढे दर चार तासांनी चालते.

आणि पाजावे कसे? इथे लक्ष द्या, कारण हाताने वाढवलेली पुष्कळ पिल्ले पाजतानाच दगावतात. आपण आपल्या तान्ह्या बाळासारखे त्याला उताणे घेतो. कुत्रीखाली पिणारे पिल्लू कधी उताणे पाहिले आहे का? ते पोटावर असते आणि मान जराशी वर. तसेच धरा. उताणे धरले की दूध श्वासनळीत जाते, फुप्फुसात उतरते आणि दोन दिवसांत पिल्लू जाते. सुई काढलेली सिरिंज, ड्रॉपर किंवा बारीक बोंडलीची बाटली, काहीही चालेल. बाटली उलटी केली की थेंब-थेंब पडावा, धार लागू नये. पिल्लाने चोखावे आणि आपण वाट पाहावी, घशात ढकलू नये. नाकातून दूध आले की ताबडतोब थांबा.

पाजून झाले तरी काम संपत नाही. पहिले तीन आठवडे पिल्लाला आपल्या आपण लघवी-शी होत नाही. आई चाटते तेव्हा होते. ती जीभ आपल्याकडे नाही, म्हणून कोमट पाण्यात कापूस भिजवून पोटाखालून आणि शेपटीखालून हलकेच पुसा. दर पाजण्यानंतर हे करायलाच हवे. हे न केल्यामुळे पोट फुगून मेलेली पिल्ले आपण पाहतो आणि म्हणतो, दूध बाधले. लघवी फिक्या रंगाची असावी. गडद पिवळी दिसली, तर अंगातले पाणी कमी पडते आहे. पिल्लाला आंघोळ घालू नये, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे.

शिक्षक बंधुभगिनींना इथे एक विनंती. पिल्लू शाळेतल्या मुलांनी आणले असेल, तर त्याच्या वजनाची वही घालायला सांगा. बारीक वजन दाखवणाऱ्या काट्यावर, टोपलीत घालून, रोज एकाच वेळेला वजन करायचे आणि टोपलीचे वजा करायचे. रोज ५ ते १० टक्के वाढ झाली पाहिजे. टक्केवारीचे गणित इतक्या आवडीने मुले एरवी सोडवणार नाहीत! एक दिवस वजन वाढले नाही, तर सावध व्हा. उतरले, किंवा पिल्लू सारखे रडू लागले, गार पडले, हगवण लागली, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, त्यानंतर थोड्याच दिवसांत कान. दोन आठवड्यांचे झाले की जंताचे औषध सुरू करायचे, मात्रा डॉक्टरांनी सांगितलेली. कारण जंत आईच्या पोटातूनच येतात आणि ते माणसाच्या मुलांनाही बाधतात. पिल्लाला हात लावला, की साबणाने हात धुतलेच पाहिजेत. साडेतीन-चार आठवड्यांनी उष्टावण. बशीत दुधात कुसकरलेला मऊ भात द्या, मग उकडलेले अंडे, काटे काढलेली उकडलेली मासळी. मीठ-मसाला नको. कांदा-लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट तर मुळीच नको, ती कुत्र्याला विष आहेत. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. त्यातला भाव घ्यावा, तूप मात्र पिल्लाला घालू नये.

आता जरा कठीण बोलतो. पिल्लाची आई गाडीखाली गेली असेल, तर गोष्ट वेगळी. पण ती लाळ गाळत, वेड्यासारखी धावत, दिसेल त्याला चावत मेली असेल, किंवा कशाने मेली ते ठाऊक नसेल, तर पोरांना पिल्लाजवळ जाऊ देऊ नका आणि आधी पशुवैद्यकाला विचारा. पिसाळरोग पिल्लालाही होतो, आणि पिल्लाच्या दातांनीही माणसाला होतो. 'एवढेसे तर पिल्लू, त्याचे काय' असे म्हणून माणसे गेलेली आहेत. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये या रोगावरची लस पहिल्यांदा एका मुलाला टोचली आणि तो वाचला. लस आहे, सरकारी दवाखान्यात मिळते, आणि तरीही जगात या रोगाने जे मरतात त्यांतले सुमारे ३६ टक्के भारतातले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र जवळजवळ कुणीच वाचत नाही. म्हणून दात लागला, ओरखडा उठला किंवा जखमेवर लाळ पडली, की वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. मिरची, चुना, हळद भरू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि सांगितलेली सगळी इंजेक्शने घ्या, मधेच सोडू नका. पोरांनी मार बसेल म्हणून चावा लपवू नये, हे शिक्षकांनी वर्गात पुन्हा पुन्हा सांगावे.

आणखी एक. एवढे करूनही काही पिल्ले जातील. ज्याला जन्मल्यावर पहिल्या दिवशी आईचा चीक मिळाला नाही, त्याची रोगाशी झुंजण्याची ताकद थोडी असते. आई असलेल्या पिल्लांचेही आयुष्य बेभरवशाचेच. पश्चिम बंगालमधल्या भटक्या कुत्र्यांच्या ३६४ पिल्लांवर नजर ठेवून केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतली जाणती होईपर्यंत जगली ती पाचांत एक. आणि मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसामुळे मेली, कुणी गाडीखाली, कुणी मारल्यामुळे. तेव्हा पिल्लू गेले, तर मुलाला 'तू नीट पाजले नाहीस' असे म्हणू नका. त्याला सोबत घेऊन खड्डा खणा, पिल्लू खोल पुरा, आणि त्याने रात्री उठून जे केले ते चांगले होते, एवढे सांगा.

जगले, तर पुढची जबाबदारी विसरू नका. सहा ते आठ आठवड्यांचे झाले की रोगप्रतिबंधक लशी सुरू होतात. तिसऱ्या महिन्यात पिसाळरोगाची लस, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. तीन ते बारा आठवडे या वयात त्याला माणसांची, गुरांची, दुसऱ्या कुत्र्यांची सवय लावा. एकट्याने वाढलेल्या पिल्लाला चावा किती जोराचा घ्यावा ते कळत नाही; भावंडे असतील, तर निदान दोन एकत्र वाढू द्या. आणि सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदी, म्हणजे पुढच्या कार्तिकात उडवीखाली पुन्हा तोच आक्रोश नको. मोठे झाले, घाण करते, म्हणून पोत्यात घालून रस्त्यावर सोडून देणे हे पाप तर आहेच, आणि जनावर उपाशी तहानलेले मरावे असे टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे.

नीट वाढवलेले गावठी कुत्रे आपल्या हवेला सोसते, उरलेसुरले खाऊन राहते, आणि रात्री रानडुकरे शेतात शिरली की पहिला आवाज त्याचाच येतो. पण राखण करील म्हणूनच त्याला जगवावे, असेही नाही. दाराशी आलेला जीव आहे. त्याला चमचाभर दूध, कोमट फडके आणि आपली थोडी झोप हवी असते. महिनाभर एवढे जमणार असेल, तर पिल्लू जरूर घरात घ्या. जमणार नसेल, तर आजच ज्याला जमेल त्याच्या हवाली करा. अर्ध्यावर सोडू नका.